यंत्रे आली, शिकविणारा कोठे आहे?

बदलापूरजवळच्या खरवई औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात जानेवारी २०२४ मध्ये स्फोट होऊन आग लागली. एका कामगाराला प्राण गमवावे लागले. काही जण जखमी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत याहून कितीतरी भीषण स्फोट झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर कारखान्यांचे परवाने, सुरक्षा-तपासणी, लोकवस्तीपासूनचे अंतर यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु जो कामगार जिवंत बाहेर काढला जातो त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न चर्चेच्या कक्षेत सहसा येत नाही. विषारी धूर छातीत गेलेल्या माणसाचे पहिले काही तास व्हेंटिलेटर, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारा मॉनिटर, औषध थेंबाथेंबाने मोजून सोडणारा पंप अशा यंत्रांच्या भरवशावर जातात. ही यंत्रे रुग्णालयात आहेत की नाहीत, एवढे विचारले जाते. रात्रपाळीच्या परिचारिकेला ती चालविण्यास कोणी, केव्हा आणि किती तास शिकविले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आताच विचारण्याचे कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे पाच लाख, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख होती. त्यानंतर या पट्ट्यात, विशेषतः बदलापुरात, वस्ती किती वाढली हे सकाळच्या लोकलमध्ये चढू पाहणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. उल्हासनगरचे सेंट्रल हॉस्पिटल, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही येथील सामान्य माणसाची आधारस्थाने. प्रकृती गंभीर झाली की ठाणे किंवा मुंबई गाठावयाची, आणि मुंबई बदलापूरपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात ज्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अंबरनाथच्या महाविद्यालयाचा समावेश आहे, ही म्हणूनच स्वागतार्ह गोष्ट होय. महाविद्यालयापाठोपाठ यंत्रसामग्री येईल. ती चालविणारे हात शिकून तयार होतील की नाही, याची तजवीज मात्र कोणत्याही खात्याच्या जमाखर्चात ठळकपणे दिसत नाही.

एका आकड्याचे मोल

यंत्र म्हणजे बटण दाबले की काम करणारी वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घरातील पंखा किंवा मिक्सर यांच्या बाबतीत ती खरीही आहे. वैद्यकीय यंत्राच्या बाबतीत ती घातक ठरते. याचे सर्वांत बोलके उदाहरण व्हेंटिलेटरचेच आहे. फुप्फुसांना तीव्र इजा होऊन ती सुजली असता रुग्णाला प्रत्येक श्वासागणिक किती हवा द्यावयाची, याविषयी अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ८६१ रुग्णांचे त्यात दोन गट करण्यात आले. एका गटाला प्रचलित पद्धतीप्रमाणे दर किलोग्रॅम वजनामागे १२ मिलिलिटर हवा देण्यात आली, दुसऱ्याला निम्मी, म्हणजे ६ मिलिलिटर. पहिल्या गटात शंभरांमागे जवळजवळ ४० रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात ३१. यंत्र एकच, पडद्यावरचा आकडा वेगळा, आणि शंभर रुग्णांमागे जवळजवळ ९ जिवांचा फरक.

या हिशेबातील 'वजन' हेही खाटेवरच्या माणसाचे प्रत्यक्ष वजन नव्हे. स्थूल माणसाची फुप्फुसे त्याच्या वजनाच्या प्रमाणात मोठी नसतात. म्हणून उंची आणि लिंग यांवरून काढलेले वजन धरावे लागते. जिला हे कोणी सांगितले नाही, ती परिचारिका केसपेपरवरचे वजन पाहून प्रामाणिकपणे चुकीचा आकडा डॉक्टरांपुढे ठेवील. तिच्या निष्ठेत काही उणे नसेल. तिच्या शिक्षणात एका तासाचे उणे असेल.

दोष यंत्राचा की हाताचा?

महाराष्ट्राला या उण्या तासांची किंमत वारंवार मोजावी लागली आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत प्राणवायूचे सिलिंडर घेऊन गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि मृत्युमुखी पडला. यंत्र बंद असल्याचे कर्मचाऱ्याने सांगितल्यामुळे तो आत गेला, असे त्या वेळी नातेवाइकांनी सांगितले. वस्तुतः एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही कार्यरतच असतो. अतिथंड द्रवरूप हेलियममध्ये ठेवलेल्या त्याच्या वेटोळ्यांतून प्रवाह अखंड वाहत असतो. खोलीतील दिवे मालवले म्हणून तो थांबत नाही. या यंत्राच्या शिक्षणातील हा पहिला धडा आहे. तो तंत्रज्ञाला आणि डॉक्टरला ठाऊक असून पुरत नाही. खोलीच्या दारापाशी उभा असलेल्या कक्षसेवकालाही ठाऊक असावा लागतो.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० अर्भके मृत्युमुखी पडली. चौकशी झाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, तद्वतच कंत्राटी परिचारिकांची सेवा संपुष्टात आणण्यात आली. जबाबदारी निश्चित व्हावयास हवी यात शंकाच नाही. तथापि अशा प्रसंगी आणखी एक प्रश्न विचारला जावयास हवा. बाळाला ऊब देणारे यंत्र, त्याची विजेची जोडणी, धोक्याची सूचना आणि आग लागल्यास करावयाची पहिली कृती यांचे शिक्षण रात्री कक्षात असणाऱ्या प्रत्येकाला मिळाले होते, अशी नोंद दाखविता येते काय? ज्या व्यवस्थेत अशी नोंद ठेवण्याची पद्धतच नाही, तेथे चौकशीचा शेवट उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसापाशी होण्याचा संभव अधिक.

तिसरे उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यांपैकी वापरासाठी काढलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे रुग्णालयाचे म्हणणे होते. केंद्राच्या बाजूने मात्र यंत्रे हाताळण्यातील उणिवांकडे बोट दाखविण्यात आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२१ च्या अखेरीस न्यायालयाने या दोषारोपाबद्दल नापसंती व्यक्त केली, आणि अशा यंत्रांचा रुग्णांवर प्रयोग होऊ न देण्याची भूमिका घेतली. या प्रकरणाचा न्यायालयीन भाग बाजूला ठेवला तरी त्यातून निघणारा एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. रुग्णालयाचा स्वतःचा, विक्रेत्यापासून स्वतंत्र आणि यंत्रात मुरलेला प्रशिक्षक जेथे नसतो, तेथे दोष यंत्राचा की हाताचा हे ठरविणारा माणूसच नसतो. मग विक्रेता हाताला दोष देतो, हात यंत्राला दोष देतो आणि रुग्ण मधल्या मध्ये राहतो.

उद्घाटनाचा खर्च आणि शिकवणीचा खर्च

शासकीय जमाखर्चात भांडवली आणि महसुली असे खर्चाचे दोन भाग असतात. यंत्र विकत घेणे हा भांडवली खर्च. त्यासाठी निधी मंजूर होतो, निविदा निघते, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. यंत्र चालविण्यास माणसे शिकविणे आणि शिकवीत राहणे हा महसुली खर्च. तो दरवर्षी करावा लागतो, त्याची फीत कापता येत नाही, आणि काटकसरीचे आदेश निघाले की पहिली कात्री त्यालाच लागते. एकाच कामाचे हे दोन अविभाज्य भाग दोन वेगळ्या खात्यांत पडल्यामुळे पहिला पुरा होतो आणि दुसरा राहून जातो.

याचा परिणाम आकड्यांत पाहावयास मिळतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी झालेल्या पाहणीत देशातील २९,११५ सार्वजनिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत मिळून ७,५६,७५० उपकरणे मोजली गेली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. निरनिराळ्या राज्यांत यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यानंतर देखभालीची कंत्राटे देण्यात आली. जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयातील ९० टक्के वेळ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के वेळ चालू स्थितीत असली पाहिजेत, अशी उद्दिष्टे त्यासाठी ठरविण्यात आली. ही सुधारणा मोलाची आहे. परंतु 'चालू स्थितीत' असलेले यंत्र आणि 'चालविले जाणारे' यंत्र यांत अंतर असते. आच्छादन घालून कोपऱ्यात ठेवलेले यंत्र कागदोपत्री पूर्णपणे चालू स्थितीत असू शकते.

एक साधा हिशेब करून पाहावा. दहा लाख रुपयांचे यंत्र दहा वर्षे टिकते असे धरले तर वर्षाला एक लाखाची झीज होते. ते वर्षातून २५० दिवस वापरले गेले तर दिवसाला ४०० रुपये पडतात. भीतीपोटी किंवा अज्ञानापोटी २५ दिवसच वापरले गेले तर ४,००० रुपये. आता समजा, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील सार्वजनिक रुग्णालयांत मिळून आठ कोटींची यंत्रे आहेत. त्यांची वार्षिक झीज ८० लाख. त्यांतील चौथा हिस्सा पडून राहिला तर वर्षाला २० लाख रुपये वाया गेले. वार्षिक आठ लाख पगाराच्या एका प्रशिक्षकाने यातील निम्मे नुकसान टाळले तरी दोन लाख शिल्लक उरतात. या हिशेबात वाचलेल्या प्राणांची किंमत धरलेली नाही, कारण ती अर्थशास्त्राच्या मोजपट्टीत बसत नाही. पण तिच्याशिवायही हिशेब जुळतो.

विक्रेत्याचा माणूस

आज हे शिक्षण देतो कोण? प्रायः यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस. परिचर्येची, जैववैद्यक अभियांत्रिकीची किंवा विज्ञानाची पदवी घेतलेली तरुण मुले-मुली या नोकरीत येतात. कंपनी त्यांना काही आठवडे शिकवते आणि मग ती आज नाशिकला, उद्या कोल्हापूरला, परवा रत्नागिरीला यंत्राची ओळख करून देत फिरतात. हे काम सोपे नाही. ज्येष्ठ डॉक्टरला त्याचा मान राखून नवे शिकवावयाचे, वीस वर्षे नोकरी झालेल्या सिस्टरच्या मनातील भीती काढावयाची, आणि विजेच्या जोडणीपासून रुग्णाच्या श्वासापर्यंतचे ज्ञान एका दुपारी समजावून सांगावयाचे. चांगला प्रशिक्षक हा शिक्षक, परिचारक आणि तंत्रज्ञ अशा तिघांचे काम एकटा करतो. परंतु तो कंपनीचा नोकर असतो. यंत्राचे गुण तो रंगवून सांगतो. त्याच्या मर्यादा आणि त्याच्याकडून होणाऱ्या चुका सांगणे त्याच्या हिताचे नसते. पुढची विक्री खुणावू लागली की तो निघून जातो.

शिवाय तो शिकवितो किती जणांना? समजा, एका अतिदक्षता विभागात तीन पाळ्या मिळून पंधरा परिचारिका आहेत. प्रात्यक्षिक सकाळी अकरा वाजता होते. त्या वेळी कामावर असलेल्या पाचजणींपैकी दोघी रुग्णांपाशी असतात, तिघी पाहतात. उरलेल्या बाराजणी त्या तिघींकडून जाता-येता शिकतात. वर्षभरात काहींच्या बदल्या होतात, काहींचे कंत्राट संपते, एखादी आखातात किंवा मुंबईच्या खासगी रुग्णालयात जाते. दोन वर्षांनी विभागात यंत्र तेच असते आणि मूळ प्रात्यक्षिक पाहिलेले कोणीही नसते. सूचनापुस्तिका इंग्रजीत असते आणि ती बहुधा भांडारपालाच्या कपाटात कुलूपबंद असते. कंत्राटातील प्रशिक्षणाचे कलम मात्र 'पूर्ण झाले' या शेऱ्यासह केव्हाच निकालात निघालेले असते.

ट्रॉम्बेचा धडा

परिस्थिती सर्वच यंत्रांच्या बाबतीत अशी आहे, असे मात्र नाही. किरणोत्साराने कर्करोगावर उपचार करणारी यंत्रे देशात आली तेव्हा ती चालविण्यासाठी, किरणांची मात्रा मोजण्यासाठी आणि रुग्ण व कर्मचारी यांचे संरक्षण करण्यासाठी माणसे लागणार, हे वेळीच ओळखले गेले. १९६२ मध्ये ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा केंद्रात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने किरणोत्सार भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रुग्णालयातील कामासाठी तयार करणारा हा अभ्यासक्रम पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात चालू राहिला आणि त्यातून तयार झालेले भौतिकतज्ज्ञ देशभरातील कर्करोग रुग्णालयांत पोहोचले. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. पात्र भौतिकतज्ज्ञ आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकारी नसेल तर किरणोपचाराच्या यंत्राला परवाना नाही, असा दंडक या क्षेत्रात रूढ झाला.

या उदाहरणातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. शिकलेल्या माणसाविना यंत्र चालविता येणार नाही, असा नियम झाल्यामुळे शिकलेल्या माणसाला मागणी निर्माण झाली. मागणी आहे म्हणून विद्यार्थी आले, पदे निर्माण झाली, वेतनश्रेणी ठरली, आणि एक व्यवसाय उभा राहिला. सोनोग्राफीच्या बाबतीत २०१४ च्या नियमांनी डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण आले, तेही गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या आधाराने. व्हेंटिलेटर, औषध सोडणारे पंप, अर्भकांना ऊब देणारी यंत्रे यांच्यामागे असा दंडक नाही. म्हणून त्यांच्यामागे असा व्यवसायही नाही. किरणांचे भय दिसत नसूनही कायद्याला ते कळले. चुकीच्या आकड्याचे भयही तितकेच अदृश्य आहे.

बाजार हे का करीत नाही?

गरज एवढी स्पष्ट असेल तर खासगी रुग्णालये तरी आपल्या माणसांना नीट का शिकवीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या मानवी भांडवलावरील ग्रंथात केलेल्या विवेचनात सापडते. एका मालकाच्या कामापुरते मर्यादित असलेले कौशल्य शिकविण्यास मालक तयार असतो. कोठेही उपयोगी पडणारे कौशल्य शिकविण्याचा खर्च उचलण्यास तो कचरतो, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जातो. बदलापुरातील वीस खाटांच्या रुग्णालयाने एखाद्या मुलीला व्हेंटिलेटर चालविण्यात तरबेज केले, तर वर्षाच्या आत ती ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात जाईल. ती गेली यात तिचा दोष नाही. पण लहान रुग्णालयाने त्यातून घेतलेला धडा असा की शिकविण्यात पैसे घालू नयेत. प्रत्येकाने हाच धडा घेतला की सर्वच रुग्णालये अर्धशिक्षित हातांवर चालू लागतात. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना होतो आणि खर्च मात्र एकाला पडतो, ती वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. तेथे शासनाने उतरावयाचे असते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तंत्रज्ञांच्या पन्नासाहून अधिक व्यवसायांना मान्यता देणारा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा २०२१ मध्ये झाला. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांच्या शिक्षणाची अट त्यात आहे. परंतु राज्यांनी परिषदा स्थापन करण्यात एवढी दिरंगाई केली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. महाराष्ट्राने औषधे आणि उपकरणे यांच्या खरेदीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदीला प्राधिकरण लाभले. शिकवणीला अद्याप लाभावयाचे आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचीच पदे रिक्त असताना प्रशिक्षकाचे नवे पद ही चैन नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाईल. रिक्त पदे भरावयासच हवीत. परंतु ती भरली जातील तेव्हा येणारी माणसे नवखी असतील आणि जोपर्यंत भरली जात नाहीत तोपर्यंत कंत्राटी माणसे येत-जात राहतील. दोन्ही परिस्थितींत शिकविणाऱ्याची गरज वाढतेच. जेथे माणसे थोडी आहेत, तेथे त्यांतील एकही अशिक्षित राहणे परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की हल्ली सर्व काही मोबाइलवर पाहून शिकता येते. करोनाकाळात सरकारने दूरस्थ अभ्यासवर्ग चालविले आणि त्यांचा उपयोग झाला, हे खरे. तथापि पोहणे जसे चित्रफीत पाहून येत नाही, तसे धोक्याची घंटा वाजत असताना नळी तपासावी की आकडा बदलावा की डॉक्टरांना हाक मारावी, हा निर्णय हाताला सवय झाल्याशिवाय येत नाही. चित्रफीत ही शिक्षकाची मदतनीस होऊ शकते. शिक्षक होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप, नवी यंत्रे इतकी हुशार आहेत की त्यांना चालविणारा लागणारच नाही. यंत्र जितके हुशार होते तितके त्याचे बिघडणे समजण्यास अवघड होते, एवढेच यावर म्हणता येईल. ब्रिटनमध्ये यंत्रांची वाण नाही. तरीही तेथे २०१४ पासून मोठ्या आरोग्यसंस्थांत वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली, ती उगाच नव्हे.

अंबरनाथपासून आरंभ

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावातच किमतीच्या काही टक्के रक्कम पाच वर्षांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, म्हणजे ती काटकसरीच्या कात्रीत सापडणार नाही. दुसरी, विक्रेत्याच्या बिलाचा शेवटचा हप्ता तिन्ही पाळ्यांतील प्रत्येक कर्मचाऱ्याने यंत्र स्वतः चालवून दाखविल्याशिवाय देऊ नये. तिसरी, प्रत्येक कर्मचाऱ्यामागे एक प्रशिक्षण-नोंदवही असावी. तीत ज्या यंत्रापुढे सही नाही, त्या यंत्रावर त्याची नेमणूक होऊ नये, आणि ही सही दरवर्षी नव्याने व्हावी. यामुळे रुग्णाइतकेच संरक्षण परिचारिकेलाही मिळेल. उद्या दुर्घटना घडली तर आपल्याला शिकविलेच नव्हते, हे तिला कागदावर दाखविता येईल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे यंत्रप्रशिक्षकाचे नियमित पद. अंबरनाथच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात असा एक प्रशिक्षण-कक्ष उभारता येईल. नव्या यंत्रांबरोबरच वापरातून काढलेली पण चालणारी एक-दोन यंत्रे केवळ सरावासाठी तेथे ठेवावीत, म्हणजे पहिली चूक रुग्णावर होणार नाही. अंबरनाथला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केंद्राच्या यादीत आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. या तिन्हींची सांगड घालून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील रुग्णालयांत उमेदवारी करणारे तरुण तयार करता येतील, आणि त्यांच्याबरोबर अनुभवी परिचारिकांना प्रशिक्षक म्हणून बढतीची एक वाट मोकळी होईल. आज अतिदक्षता विभागात पंधरा वर्षे घालविलेल्या परिचारिकेपुढे पर्यवेक्षणाचे कागदी काम किंवा निवृत्ती असे दोनच पर्याय असतात. तिच्या हातातील विद्या तिच्याबरोबरच निवृत्त होते. शिकवणी मराठीत आणि या पट्ट्यात आवश्यक तेथे हिंदीत व्हावी. पडद्यावरचे इंग्रजी शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ आपल्या भाषेत सांगणाऱ्या छोट्या पुस्तिका यंत्रालाच अडकवून ठेवाव्यात. यास मोठे भांडवल लागत नाही.

खरवई, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील पदवीधर मुले-मुली आज पहाटेची लोकल धरून नोकरीसाठी मुंबईकडे जातात. त्यांच्यापैकी काहींना आपल्याच गावाच्या रुग्णालयात उपयुक्त आणि प्रतिष्ठेचे काम मिळू शकते. त्यासाठी शिकविणे हे यंत्राच्या किमतीचाच एक भाग आहे, एवढे मान्य व्हावयास हवे. पुढचा अपघात कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या रात्री होईल, हे सांगता येत नाही. त्या रात्री रुग्णालयातील यंत्रापाशी कोण उभे असेल आणि त्याला काय येत असेल, हे मात्र आजच ठरविता येण्यासारखे आहे.